दहावा कोण?

दशलक्षण पर्वात आमच्या ग्वाल्हेरच्या मंदिरात पाणी भरायचं, सतरंज्या घालायच्या, ते तरुण पोरापोरींनीच. हिशेबाची बैठक लागली की तीच दाराबाहेर! परवा भाचीनं विचारलं, "मावशी, कामाला आम्ही मोठे नि बोलायला लहान, असं कसं?" मी म्हटलं, "अगं, सेवेत मान मागू नये." म्हटलं खरं, पण मनाला पटेना.

वैयावृत्य, म्हणजे सेवा, हे आपल्या सहा अंतरंग तपांतलं एक. मान हा चार कषायांतला एक. पण जबाबदारी मागणं म्हणजे मान मागणं का?

कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांचं पाहा. १९४८ नंतर त्यांची बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, माणसं थोडी उरली. सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांचा मुलगाही त्यांत धरतात. बाकीचे नऊ कितीही विद्वान असोत, तो दहावा पोरगा आल्याशिवाय चालत नाही. असा मोजला गेलेला मुलगा उद्या कारभाराला बिचकणार नाही. जुन्या रीतीत बायका मात्र तिथंही त्या दहांत नाहीत. मलिद्याचे पोहे भिजवायला तेवढ्या हव्यात. आपलंच घर आठवलं!

मान स्वतःसाठी असतो, जबाबदारी दुसऱ्यांसाठी. ज्यांना मोजत नाही त्यांच्याकडून सेवा घेणं, हाच खरा मान-कषाय नव्हे का, बायांनो? भाचीला सांगितलंय, पुढच्या बैठकीला दोघी जाऊ. बोलावणं नसलं तरी.