अटीवरचं चांगुलपण

जिम स्टोव्हॉल या अमेरिकन लेखकाची ‘द अल्टिमेट गिफ्ट’ ही 2001 सालची, ख्रिस्ती वळणाची हलकीफुलकी कादंबरी. श्रीमंत चुलत आजोबा वारतात आणि लाडावलेल्या नातवासाठी 12 महिन्यांचे 12 धडे ठेवून जातात. चुकलास की वारसा गेला! पहिल्याच महिन्यात स्वारी टेक्सासमध्ये कुंपणाचे खांब रोवते, तीही चडफडत.

मला प्रश्न पडला, लोभापायी केलेलं काम चांगलं म्हणायचं का? आपल्याकडे तर दानापेक्षा भाव मोठा.

मग माझंच आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दशलक्षणात उपवास धरला तो सासूबाईंच्या धाकानं. मन सगळं स्वयंपाकघरात! उत्तम त्यागाच्या दिवशी दान दिलं, तेही चारचौघींनी पाहावं म्हणून. पुढे सासूबाई गेल्या, धाक गेला. उपवास मात्र राहिला. तो माझा कधी झाला, कळलंच नाही.

तो नातूही महिनाअखेरीला आपले सरळ रोवलेले खांब कौतुकानं दाखवतो. खांब रोवायची अट होती. कौतुक वाटण्याची नव्हती.

आमचं मृत्युपत्र अजून कोरंच आहे. लेकासाठी एखादी अट लिहावीशी वाटते. पण लिहायला बसलं की आधी मनात येतं, बाई गं, त्याच्या वयात तू ती पाळली असतीस का?