आवाज फुटतो तेव्हा



व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलच्या गायनवृंदात व्यावसायिक पुरुष गायकांबरोबर लहान मुलगे गातात. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो. तो कोवळा सूर टिकावा म्हणून इटलीत एकेकाळी मुलांचे खच्चीकरण होई. असे गायक याच वृंदात गात. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उंच स्वरांसाठी मुलगेच घ्यावेत असा आदेश दिला.

देवाच्या स्तुतीसाठीसुद्धा माणसाचे साधन करता येत नाही. गुण, बक्षिसे टिकवण्यासाठी आपणही मुलांच्या बालपणावर सुरी चालवतो का? मिळालेला सूर वेळेवर सोडणे हीदेखील उपासनाच. घाटकोपरच्या आपल्या वृंदात आवाज फुटलेल्या मुलाला घरी पाठवू नका. त्याला मोठ्यांच्या रांगेत जागा द्या.