वेळापत्रकाबाहेरचा अभ्यास

महाविद्यालयाचे छापील वेळापत्रक अभ्यासाचा निम्माच भाग सांगते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे शिकणे धरले आहे. सत्राची २० क्रेडिट आणि अध्यापनाचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला ४० तास अभ्यास व्हायला हवा. थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गात मात्र १५ तासच मिळतात, म्हणजे आठवड्याचे २० तास. उरलेल्या २० तासांत वाचन, टिपणे, जर्नल, प्रकल्प, असाइनमेंट आणि उजळणी बसवायची असते. ते कधी करायचे, हे कोणत्याच फलकावर लागत नाही. बारावीपर्यंत शाळा, क्लास आणि घर मिळून हा भाग सांभाळतात. पदवीच्या पहिल्या वर्षात तो अचानक बेवारस होतो आणि बहुतेकांचा ताण तिथूनच सुरू होतो.

हे २० तास शहरातल्या वसतिगृहात शोधणे वेगळे आणि नांदगावसारख्या गावात शोधणे वेगळे. सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातले नांदगाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. देवगडकडे जाणारा रस्ता इथल्या तिठ्यावर फुटतो आणि कोकण रेल्वेचे स्थानकही ‘नांदगाव रोड’ याच नावाचे आहे. दळणवळणाच्या दृष्टीने हे सोयीचे गाव. तरीही कणकवलीला किंवा देवगडला शिकायला जाणाऱ्या मुलाचा दिवस एसटीच्या वेळांनी बांधलेला असतो. आतल्या वाडीतून तिठ्यापर्यंत चालणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास आणि पुन्हा तेच उलट दिशेने. कॉलेज चार-पाच तासांचे असले तरी घराबाहेर सात तास सहज जातात.

म्हणून नियोजनाची पहिली पायरी हिशोबाची आहे. वहीच्या एका पानावर आठवड्याचे १६८ तास मांडावेत. रोज आठ तास झोपेचे धरले तर ५६ गेले. कॉलेज आणि प्रवासाचे सात तास, सहा दिवस, म्हणजे ४२. जेवण, अंघोळ, पाणी भरणे, गुरांचे किंवा दुकानातले काम, धाकट्या भावंडांकडे बघणे यांना रोजचे पाच तास दिले तर ३५. हे सगळे वजा जाऊन ३५ तास उरतात. लागणार आहेत २०. ‘मला वेळच मिळत नाही’ ही भावना खरी असते, पण पानावर आकडे उतरले की तिचे नेमके स्वरूप दिसते. वेळ आहे, पण तो अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत विखुरलेला आहे. ज्याच्या घरी कामाचे पाच तास नसून आठ आहेत, त्याच्याकडे १४ तासच उरतात. त्याला हे पान आणखी उपयोगी आहे, कारण आपण आळशी आहोत हा खोटा समज तरी त्यातून दूर होतो आणि घरच्यांशी किंवा शिक्षकांशी बोलायला हातात काही येते.

विखुरलेल्या वेळेला त्याच्याजोगे काम द्यावे लागते. एसटीत उभ्याने लिहिता येत नाही. मात्र काल शिकलेल्या प्रकरणाचे मुद्दे वही न उघडता आठवून पाहता येतात आणि यात वेळ वाया जात नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की काही दिवसांनी चाचणी घेतली, तर तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहतो. एकाग्रता लागेल असे काम, म्हणजे गणित, लेखांकन किंवा प्रकल्पाचे लेखन, सलग दीड तास मिळेल तिथेच ठेवावे. वाडीत तो वेळ बहुधा पहाटे किंवा रविवारी दुपारी मिळतो.

आठवड्याच्या पानाइतकेच महत्त्व वर्षाच्या पानाला आहे आणि सिंधुदुर्गात ते फार कमी जण मांडतात. पहिले सत्र पावसाबरोबर सुरू होते. भाताचा तरवा, म्हणजे रोपे, काढून लावणी होईपर्यंत शेती असलेल्या घरात कोणाचेच हात मोकळे नसतात. वारा-पावसात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि ‘रात्री ऑनलाइन भरतो’ म्हणून ठेवलेला अर्ज राहून जातो. मग गणपती. घराची सफाई, गणपतीवरच्या माटवीची सजावट, चाकरमान्यांची वर्दळ, रात्रीची भजने यांत विसर्जनापर्यंत अभ्यास होत नाही, आणि तो होईल असे धरून चालणे ही स्वतःची फसवणूक आहे. शिवाय चतुर्थी दर वर्षी सरकते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. एका वर्षी सणानंतर झालेली अंतर्गत चाचणी पुढच्या वर्षी ऐन सणाच्या तोंडावर येऊ शकते. दुसऱ्या सत्रात गावोगावच्या जत्रा आणि रात्रभर रंगणारे दशावतार असतात, पुढे काजू आणि आंबा येतो. बागेत हातभार लावायचे दिवस आणि परीक्षेचे दिवस एकमेकांवर चढतात.

यातले काहीही टाळण्याची गरज नाही. गणपतीत घरी असणे आणि लावणीला चिखलात उतरणे हा इथल्या जगण्याचा गाभा आहे. अभ्यासासाठी त्यावर पाणी सोडायला सांगणारा सल्ला कोरडा तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हे दिवस कॅलेंडरवर आडवी रेघ मारून बाजूला काढले, तर १५ आठवड्यांतले खरे आठवडे बारा-तेराच उरतात. काम त्या बारा आठवड्यांत वाटायचे. मग भजनाला बसताना पोटात गोळा येत नाही.

हा हिशोब करताना एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल हे विचारले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. पुढच्या कामाचा विचार करताना माणूस सगळे सुरळीत होईल असे धरतो. झेरॉक्सचे दुकान बंद असेल, सर रजेवर असतील, गाडी चुकेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे मागच्या असाइनमेंटला खरोखर किती दिवस लागले ते लिहून ठेवणे आणि नव्या कामाला तेवढेच दिवस देणे. नोंद नसेल तर मनातल्या अंदाजाच्या दीडपट धरावे.

काम कसे लिहिले जाते यावरही बरेच अवलंबून असते. ‘पर्यावरणाचा प्रकल्प करायचा आहे’ ही ओळ वहीत महिनाभर पडून राहते आणि दर वेळी नजरेस पडली की धास्ती वाढवते. ‘शनिवारी जेवण झाल्यावर पडवीत बसून ओढ्याच्या पाण्याविषयी शेजाऱ्यांना विचारायचे दहा प्रश्न लिहायचे’ ही ओळ मात्र हातात पेन देते. कधी, कुठे आणि नेमके काय, हे ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे पीटर गोलविट्झर यांचे संशोधन सांगते. त्याहून विशेष निष्कर्ष मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये मांडला. अपुरे काम मनात घोळत राहते आणि दुसऱ्या कामात व्यत्यय आणते, पण त्याचा नेमका बेत ठरला की, काम अजून झालेले नसतानाही हा व्यत्यय बऱ्याच अंशी थांबतो. नियोजनाचा खरा लाभ इथे आहे. गुण वाढतील तेव्हा वाढतील, रात्रीची झोप मात्र त्याच दिवशी सुधारू शकते.

उजळणीबाबतचे नियम जुनेच आहेत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजला, तेव्हा शिकल्यानंतरच्या पहिल्या तासांतच सर्वाधिक गळती होते असे दिसले. म्हणून त्याच संध्याकाळी दहा मिनिटे, आठवड्याने पुन्हा थोडे, असा क्रम परीक्षेच्या आदल्या जागरणापेक्षा भारी पडतो.

थोडा ताण असावाच. तो मुळीच नसेल तर वही उघडली जात नाही. पण काही ताण कोणत्याही पानावर मावत नाहीत. फी भरायला पैसे नसणे, वडिलांचे आजारपण, एटीकेटीचे, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले, विषय साठून वर्ष वाया जाण्याची भीती, या गोष्टी रकाने आखून सुटत नाहीत आणि त्या सुटत नाहीत म्हणून विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. साठलेल्या विषयांचे निदान क्रमाने वाटप करता येते, एका सत्रात दोनच, आणि त्यांना लागणारा वेळ चालू विषयांच्या तासांतून न काढता उरलेल्या वेळेतून काढावा. शिष्यवृत्तीची चौकशी कार्यालयात आणि अडचणीची गोष्ट वर्गशिक्षकांच्या कानावर वेळेत घालावी. झोप उडाली, भूक मेली, कशातच मन लागेना आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर तो वैद्यकीय मदतीचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.