झाकण कुठे आहे?

लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये 1930 च्या दशकातली जोडघरे ओळीने उभी आहेत. दोन घरांत एक भिंत सामाईक, पुढे बाहेर आलेली खिडकी, मागे चिंचोळी लांब बाग. अशाच एका घरात दिगंबर, त्याची बायको नीता, दोन मुले आणि माई राहत. माईला तिथे येऊन तीस वर्षे होऊन गेली, तरी तिचे सांडगे काही सुटले नव्हते. जूनमध्ये सलग दोन दिवस ऊन पडले की मागच्या फरशीवर तिची चादर पसरलीच. इंग्लंडमध्ये वाळवण घालणे म्हणजे आभाळाशी जुगार, पण माई तो बहुधा जिंकायची. कोणत्या महिन्यात किती वाजता कुठल्या फरशीवर ऊन येते आणि कधी सरकते, हे तिला तोंडपाठ होते.

2021 च्या उन्हाळ्यात दिगंबरने घरामागे कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, बांधायचे मनावर घेतले. हिवाळ्यात माईला उन्हात बसता येईल, असे तो सगळ्यांना सांगे. ऑफिसातल्या दोघांनी बांधली होती, हे सांगत नसे.

विक्रेता गुळगुळीत कॅटलॉग घेऊन आला. व्हिक्टोरियन, एडवर्डियन, एकपाखी असे प्रकार, आणि आजच सही केली तर घसघशीत सूट. वर तो म्हणाला, "परवानगीची कटकट नाही." यात खोटे काही नव्हते. इंग्लंडमध्ये जोडघराच्या मूळ मागच्या भिंतीपासून तीन मीटरपर्यंतची एकमजली वाढ, उंचीच्या मर्यादा पाळल्या तर, सहसा नियोजन खात्याच्या अर्जाशिवाय करता येते. तीस चौरस मीटरच्या आतल्या कन्झर्व्हेटरीला इमारतीचे नियमही बहुतांशी लागू होत नाहीत. मात्र घर आणि काचेची खोली यांच्यामधले बाहेरच्या दर्जाचे दार तसेच ठेवावे लागते आणि घराची हीटिंग आत नेता येत नाही. दिगंबरने पहिली दोन वाक्ये ऐकली. "मात्र"नंतरचे कागदावर बारीक अक्षरात होते.

"अरे, तिथं गटाराचं झाकण आहे," माई म्हणाली.

"त्यावरून फरशी घालू. सगळे तसंच करतात," विक्रेता म्हणाला आणि त्याने पुढचे पान उलटले. माई चहा टाकायला आत गेली.

शेजारी शॉन नावाचा आयरिश म्हातारा होता. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्याने कुंपणावरून विचारले, "पाया किती खोल घेणार?"

"दीड फूट म्हणाले."

"ही लंडनची चिकणमाती आहे. पावसात फुगते, कोरड्या उन्हाळ्यात आकसते. त्यात मागे तो विलो, सगळं पाणी ओढून घेणारा. मीटरभर तरी खण, झाडाजवळ त्याहून खोल. आणि तपासायला कोण येणार आहे?"

"कुणीच नाही. लागतच नाही."

"मग ते काम तुझ्याच अंगावर आलं की!"

दिगंबर हसला. दिवाळीच्या आत खोली उभी राहायला हवी होती, आणि राहिली. पाहुण्यांनी कौतुक केले, मुलांनी काचेच्या छताखाली पणत्या लावल्या. जागा ऐसपैस वाटावी म्हणून मधले सरकते दार काढून टाकले होते. जानेवारीत घरभर गारवा शिरू लागला, तेव्हा घरातल्याच बॉयलरवरून रेडिएटर ओढून घेतला. म्हणजे ज्या दोन अटींवर नियमांतून सूट मिळाली होती, त्या दोन्ही गेल्या. त्याची जाणीव कुणालाच नव्हती. गॅसचे बिल तेवढे जाणवले.

माईसाठी म्हणून बांधलेल्या त्या खोलीत माई मात्र फारशी बसली नाही. डिसेंबरात तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम पंधरा अंश वर येतो, आणि बागेच्या दक्षिण टोकाला बागकामाची शेड उभी होती. खुर्चीवर ऊन पोचेपर्यंत दुपार कलायची. सांडग्यांच्या हिशोबात माईला हे केव्हाचेच ठाऊक होते. तिला विचारले कुणी नव्हते.

मग जुलै आला. 19 जुलै 2022 रोजी हीथ्रोला 40.2 अंश तापमान नोंदले गेले. काचेच्या छताखाली तर पाय ठेववेना. वर गरम हवा जायला एकही झडप नव्हती. खरे तर काचघर ही मुळात झाडांची सोय. इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला, 1848 मध्ये क्यू बागेतले पाम हाऊस पुरे झाले, 1851 मध्ये हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, आणि काचेच्या घराची हौस वाढत गेली. पाम हाऊसची उष्ण हवा ताडामाडांना मानवते. दिगंबरच्या सोफ्यावर ताड बसणार नव्हते.

तो उन्हाळा कोरडा गेला. ऑगस्टअखेरीस घराची भिंत आणि नवी खोली यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट पडली. माती आकसली होती. घराचा पाया वेगळा, खोलीचा उथळ, त्यामुळे खोलीच तेवढी खचली. फटीत सिलिकॉन भरून दिगंबरने दिवस काढले. ख्रिसमसच्या आठवड्यात गटार तुंबले.

दोन घरांची सामाईक मैलावाहिनी, 2011 पासून ती पाणी कंपनीच्या ताब्यात. कंपनीच्या माणसाने शॉनच्या बागेतून अंदाज घेतला, मग आत येऊन विचारले, "झाकण कुठे आहे?"

माईने सोफ्याच्या डाव्या पायाकडे बोट दाखवले.

लाकडी फरशी उचकटली गेली, खालचे काँक्रीट फोडले गेले. अशा वाहिनीवर किंवा तिच्या तीन मीटरच्या आत बांधायचे तर आधी कंपनीची संमती घ्यावी लागते, हे दिगंबरला त्या दिवशी कळले. माई काही बोलली नाही. तिने फक्त सोफ्यावरच्या उशा उचलून वर नेल्या.

खोली वसंतात उतरवली. त्यानंतर वर्षभर तिथे काहीच बांधले नाही. माईची खुर्ची फरशीवर फिरत राहिली. ऊन जिथे पडे तिथे ती मुलांकडून खडूने खूण करून घेई आणि तारीख नीता वहीत लिही. डिसेंबर उलटल्यावर माईने पहिली सूचना केली: आधी ती शेड हलवा. शेड हलवायला एक शनिवार पुरला.

2024 मध्ये पुन्हा बांधकाम निघाले. या वेळी खोली लहान, स्वयंपाकघराला लागून, झाकणापासून बाजूला. वर उष्णतारोधक पक्के छत, त्यात उघडणाऱ्या दोन खिडक्या, दक्षिणेला काचेची दारे. हिला कन्झर्व्हेटरीची सूट नव्हती, म्हणून इमारत निरीक्षक आला. काँक्रीट ओतण्याआधी तो पायाच्या खड्ड्यापाशी उभा राहिला, टेप सोडून खोली मोजली, विलोकडे नजर टाकली आणि आणखी खणा म्हणाला. कंपनीची संमती आली. खोदाई शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन मीटरच्या आत आणि त्याच्या पायापेक्षा खोल होती, म्हणून 1996 च्या सामाईक भिंत कायद्याप्रमाणे शॉनला महिनाभर आधी नोटीस दिली. पहिल्या वेळी तिची गरज आहे का, हे कुणी पाहिलेच नव्हते. शॉनने सही केली आणि खड्डा बघायला रोज सकाळी कुंपणापाशी येऊ लागला.

दुसऱ्या खोलीला पहिलीच्या जवळजवळ दुप्पट खर्च आला. पहिली पाडून तिचा राडारोडा वाहून नेण्याचे पैसे त्यात धरलेले नाहीत.