मागचा माणूस

पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावाहून आम्ही दहा जण चंद्रगड चढत होतो. शिवरायांनी १६५६ साली जिंकलेल्या जावळीचे हे रान. वाटाड्याचे न ऐकता मळलेली वाट सोडून कारवीत शिरण्याची हौस माझी. मुले मागोमाग आली. सात वर्षांनी फुलणारी ही कारवी चार हातांवरचा माणूस दिसू देत नाही. माथ्यावर मोजले, तो नऊच! दहावा, एक अशक्त मुलगा, घटकाभराने वाटाड्याचा हात धरून आला.

वाटाड्या एवढेच म्हणाला, "गुरुजी, गड कुठं पळून चाललाय?"

आडवाटेने जाणे हे धाडस खरे. पण माझ्या धाडसाची किंमत त्या मुलाने का मोजावी? त्याला विचारायचेही मला सुचले नव्हते.

उतरताना मी सर्वांच्या मागे चाललो. शिक्षकाची जागा तीच, हे कळायला मला गड चढावा लागला.