तूर्त नको

सरकारी मराठीतला सर्वांत टिकाऊ शब्द म्हणजे ‘तात्पुरता’. रस्त्यातल्या दुभाजकांचे काम तात्पुरते थांबवा म्हटले, की मुदत संपायच्या आत त्या थांबण्यालाच मुदतवाढ मिळते. कारणेही भक्कम असतात. समोरच्या दुकानातून पावशेर साखर आणायला माणसाने अर्धा मैल वळसा घालावा, हे गिऱ्हाइकाला पटत नाही. वाण्याला तर मुळीच नाही. अन् खरे सांगू? मलाही नाही.

आमच्या लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. तिथे माणसे एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत वाट काढतात. नजरेवर भागत असताना मध्ये भिंत कशाला?

पण २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी शेजारच्या नांदेडचे रस्ते रुंद झाले. रुंद रस्त्यावर वेग वाढतो, अन् वेगात समोरच्याचे डोळे दिसत नाहीत. दिवे तेवढे दिसतात.

म्हणून म्हणतो, दुभाजक चुकीच्या जागी असेल तर हलवा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओलांडायला फट ठेवा. पण एकदाचे ठरवा. ‘तूर्त नको’ म्हणताना वाटते, आपण निर्णय घेतलाच नाही. तो घेतलेला असतो. किंमत तेवढी परक्याच्या नावावर मांडलेली असते. वाचलेला वळसा माझा, समोरासमोरची धडक कुणाची तरी.

वाणीसुद्धा दिवाळीला जुनी वही मिटून हिशेब करतो. मुदतवाढीच्या वहीला मात्र दिवाळीच नसते!