थैली आणि गुणतक्ता

31 मार्च 1883 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने ओल्ड इटोनियन्सला 2-1 असे हरवले. हरलेला संघ इटनच्या माजी विद्यार्थ्यांचा, म्हणजे खानदानी घरांतल्या तरुणांचा होता. जिंकलेला संघ लँकेशायरमधल्या गिरणगावातला. हिंदुस्थानात विकली जाणारी धोतरे ज्या गावात विणली जात, त्या गावातले विणकर, सूतगिरणीतले कामगार आणि ओतशाळेतले मजूर त्यात खेळत होते. अंतिम सामन्याआधी हा संघ काही दिवस ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावासाठी राहिला होता आणि त्याचा खर्च गावातल्या एका कारखानदाराने उचलला होता. पैसे घेऊन खेळण्याला अधिकृत मान्यता मिळायला अजून दोन वर्षे होती. पण थैली सैल सोडली की विजय जवळ येतो, हे त्या दिवशी साऱ्यांना दिसले.

पैशाने फुटबॉल बिघडवला ही तक्रार त्यामुळे या धंद्याइतकीच जुनी आहे, आणि तितकीच ढोबळही. फुटबॉलमध्ये पैसा पहिल्यापासूनच होता. पूर्वी मात्र पैशाने आणलेले यश पैसा संपला की संपत असे. आता यशच पुढच्या वर्षीचा पैसा घेऊन येते. हा पालट कसा झाला हे पाहायला ब्लॅकबर्नइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर हे पेशाने कापड दुकानदार. त्यांच्या पुढाकाराने 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. एका गावाचा एकच क्लब घ्यायचा असे ठरल्यामुळे ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सची निवड झाली आणि ऑलिम्पिक क्लब पुढच्याच वर्षी बंद पडला. लीग हा एक चमत्कारिक व्यापार असतो. समोरच्या दुकानाला कुलूप लागले तर वाण्याचा फायदाच होतो. समोरचा क्लब बुडाला तर शनिवारी खेळायचे कोणाशी? अर्थशास्त्राने हे जरा उशिरा, आणि तेही बेसबॉलच्या निमित्ताने हाती घेतले. सायमन रॉटनबर्ग यांनी 1956 मध्ये मांडले की प्रेक्षक येतो तो निकाल आधी ठाऊक नसतो म्हणून. वॉल्टर नील यांनी 1964 मध्ये त्याला जोड दिली: क्लबाला आपला प्रतिस्पर्धी तगडाच हवा असतो. इंग्लंडमधल्या क्लबांच्या कारभाऱ्यांना हे पुस्तकांवाचून उमगले होते.

म्हणून त्यांनी कुंपणे घातली. 1901 पासून खेळाडूच्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा आली. करार संपला तरी क्लबाच्या परवानगीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. दारावरच्या तिकीटविक्रीतला पाचवा हिस्सा पाहुण्या क्लबाला मिळे. पुढे दूरचित्रवाणी आली, तेव्हा तिची तुटपुंजी रक्कमही चार श्रेणींतल्या 92 क्लबांत सारखी वाटली जाई. हा समतोल बऱ्याच अंशी खेळाडूच्या खिशातून राखला जात होता, ही गोष्ट त्या काळाची आठवण काढून हळहळणारे सहसा सांगत नाहीत. पन्नास हजारांचे मैदान भरवणाऱ्या खेळाडूला 1961 मध्येही आठवड्याला वीसच पौंड मिळत. त्या वर्षी जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी देऊन मर्यादा मोडून काढली आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सचा पगार शंभर पौंडांवर गेला. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धतही सैल केली.

कुंपणांच्या काळात चुरस किती होती? 1959 ते 1965 या सात हंगामांत वुल्व्ज, बर्नली, टॉटनहॅम, इप्सविच, एव्हर्टन, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड असे सात वेगवेगळे विजेते झाले. इप्सविच तर आदल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत होते. पगाराची मर्यादा गेल्यावर हे चित्र लगेच पुसले गेले नाही. डर्बी 1972 आणि 1975 मध्ये जिंकले. ब्रायन क्लॉफचे नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1977 मध्ये वरच्या श्रेणीत आले, 1978 मध्ये विजेते झाले आणि पुढची दोन वर्षे युरोपियन कपही त्यांनीच नेला. तेव्हा सगळे खापर खेळाडूंच्या पगारावर फोडता येत नाही. चुरशीला खरा सुरुंग लागला तो मिळकतीच्या वाटणीला. 1983 पासून तिकिटांचे पैसे पूर्णपणे यजमान क्लबाकडे राहू लागले, मग दूरचित्रवाणीच्या पैशातला वरच्या श्रेणीचा वाटा वाढत गेला आणि 1992 मध्ये वरचे 22 क्लब वेगळे होऊन प्रीमियर लीग उभी राहिली. तिच्या पहिल्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचा सौदा सुमारे 30 कोटी पौंडांचा होता. 2016 ते 2019 या तीन वर्षांसाठी एकट्या ब्रिटनमधल्या हक्कांचे सुमारे 514 कोटी पौंड आले. खालच्या श्रेणींतल्या क्लबांना त्यातून मिळाले ते वरच्यांनी मर्जीने टाकलेले.

याच उंबरठ्यावर ब्लॅकबर्नला जॅक वॉकर लाभले. ते त्याच गावचे. पोलादाच्या व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती केली आणि धंदा ब्रिटिश स्टीलला विकला. 1991 मध्ये रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत चाचपडत असताना त्यांनी केनी डॅल्ग्लिश यांना व्यवस्थापक म्हणून आणले, पुढच्या वर्षी ब्रिटिश विक्रमी किंमत मोजून ॲलन शिअररला घेतले आणि ईवूड पार्कचे मैदान नव्याने बांधायला काढले. क्लब चौथा आला, मग दुसरा, मग पहिला. 14 मे 1995 रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर अखेरच्या क्षणी गोल खाऊन 2-1 असे हरले. खेळाडूंच्या माना खाली गेल्या आणि तेवढ्यात लंडनहून बातमी आली की मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी 1-1 अशी बरोबरी झाली आहे. हरलेला संघ विजेता ठरला. विजेतेपद विकत घेतले अशी टीका झाली. ती खरीही होती, पण तो सौदा जुन्या जातीचा होता. दिलदार श्रीमंताने गावाला एक मोसम घेऊन दिला, एवढेच. शिअरर 1996 मध्ये न्यूकॅसलला गेला, 1999 मध्ये क्लब पुन्हा खाली घसरला, आणि 2000 मध्ये वॉकर वारले.

त्या विजयानंतर सातच महिन्यांत, 15 डिसेंबर 1995 रोजी, युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. करार संपलेला खेळाडू मोबदल्याशिवाय दुसऱ्या क्लबात जाऊ लागला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरचे संख्येचे बंधन गेले. खेळाडूच्या दृष्टीने हा उशिरा मिळालेला न्याय होता. छोट्या देशांच्या मोठ्या क्लबांना मात्र तो जड गेला. त्याच मे महिन्यात ॲम्स्टरडॅमचा आयॅक्स क्लब, स्वतःच्या शाळेत घडवलेली पोरे घेऊन, मिलानला हरवून युरोपचा विजेता झाला होता. पुढच्या वर्षी डेव्हिड्स आणि राइझिगर, त्यानंतरच्या वर्षी विजयी गोल करणारा क्लायव्हर्ट, असे तिघेही करार संपताच फुकटात गेले, आणि तेही त्याच मिलानकडे. 1986 मध्ये बुखारेस्टचा स्टेआवा आणि 1991 मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार युरोपचे विजेते झाले होते. आयॅक्सनंतर 2025 पर्यंत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेर हा चषक एकदाच गेला, 2004 मध्ये पोर्तोकडे.

चॅम्पियन्स लीगने बाकीचे काम केले. आधी तिथे प्रत्येक देशाचा विजेताच जात असे. 1997 पासून बड्या देशांच्या उपविजेत्यांना आणि 1999 पासून चारपर्यंत क्लबांना दार उघडले. मग हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चालू लागला: पहिल्या चारांत आले की युरोपचे पैसे मिळतात, त्या पैशांतून खेळाडू येतात, खेळाडूंमुळे पुन्हा पहिल्या चारांत जागा मिळते. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे दहा वर्षांचे आकडे मांडून दाखवले की सरासरी क्रमांकातला सुमारे 90 टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चाशी जुळतो. व्यवस्थापकाच्या डावपेचांवर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना हा आकडा रुचत नाही.

एका सामन्याला मात्र हे गणित लागू पडत नाही. फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी, त्यामुळे नव्वद मिनिटांत नशिबाला बराच वाव राहतो. 2013 मध्ये विगनने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप नेला आणि तीन दिवसांनी तोच विगन प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. 38 सामन्यांत नशिबाची भर आणि घट एकमेकांत जिरते; उरते ती खेळाडूंची प्रत, म्हणजेच पगारपत्रक. 1997 चा विजेता 75 गुणांवर ठरला होता. 2018 मध्ये सिटीने शंभर गुण केले आणि 2019 मध्ये लिव्हरपूल 97 गुण करूनही दुसरे राहिले. विजेता कोण एवढेच पाहिले तर ही घसरण नीट दिसत नाही. वरच्यांचे गुण किती फुगले तेही मोजावे लागते.

चेल्सीमागे 2003 मध्ये रोमन अब्रामोविच, सिटीमागे 2008 मध्ये अबू धाबी आणि पॅरिस सेंट जर्मेनमागे 2011 मध्ये कतार उभे राहिले, तेव्हा वॉकर यांची थैली किरकोळ वाटू लागली. नेमारसाठी 2017 मध्ये 22 कोटी 20 लाख युरो मोजले गेले. ब्लॅकबर्नला नोव्हेंबर 2010 मध्ये नवे मालक मिळाले ते पुण्याचे, कोंबडीच्या व्यवसायातला व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह. किंमत सुमारे 2 कोटी 30 लाख पौंड. बड्या क्लबांच्या बाजारात एका बऱ्या खेळाडूची तेवढी पडते. मे 2012 मध्ये विगनविरुद्धच्या घरच्या सामन्यात कोणीतरी क्लबाचा झेंडा पांघरवलेली कोंबडी मैदानात सोडली. मधल्या काळात प्रीमियर लीगमध्ये परतलेले रोव्हर्स त्याच रात्री हरून पुन्हा खाली गेले, 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीतही गेले आणि वर्षभराने दुसरीत परतले. मालकांवर गावाचा राग होता, हे खरे. पण दुसऱ्या श्रेणीत मालकाने पदरचे घातल्याशिवाय बहुतेक क्लबांचा ताळेबंद जुळतच नाही, हेही तितकेच खरे.

कारण प्रीमियर लीगच्या आतली वाटणी तशी उदार आहे, बाहेर मात्र त्यातले फारसे येत नाही. देशांतर्गत हक्कांतला निम्मा पैसा सर्वांना सारखा, पाव भाग क्रमांकाप्रमाणे आणि पाव भाग थेट दाखवलेल्या सामन्यांप्रमाणे मिळतो. स्पेनमध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना 2015 च्या कायद्यापर्यंत आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत आणि इतरांना उरलेसुरले मिळे. जर्मनीत क्लबावर सभासदांचेच बहुमत हवे असा नियम असूनही बायर्नने 2013 पासून सलग अकरा वेळा लीग जिंकली. त्यापुढे लीस्टरचा 2016 चा प्रीमियर लीगमधला विजय, ज्यावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता, हा इंग्लिश वाटणीचाही विजय होता. इंग्लंडमधला खरा कडा लीगच्या खालच्या काठावर आहे.

ल्यूटनच्या केनिलवर्थ रोड मैदानात पाहुण्या प्रेक्षकांचे दार एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेत आहे. दोन घरांमधून आत शिरायचे आणि जिन्याने चढताना लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे बघत जायचे. 2009 ते 2014 या काळात हा क्लब लीगच्या चारही श्रेणींच्या बाहेर होता. 2023 मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. टीव्हीचे कॅमेरे आणि समालोचक यांच्यासाठी एक सज्जा मोडून नव्याने बांधावा लागला आणि काम वेळेत न झाल्यामुळे घरचा पहिला सामनाच पुढे ढकलला गेला. 2024 मध्ये ल्यूटन खाली आले, 2025 मध्ये आणखी एक पायरी. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी वर चढलेले तिन्ही क्लब लगेच खाली गेले. त्याआधी असे फक्त 1998 मध्ये घडले होते. खाली येणाऱ्यांना काही वर्षे निर्वाहासाठी पैसे मिळतात, त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतही श्रीमंत आणि गरीब असे दोन वर्ग पडले आहेत.

बंधने घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. 2013 मध्ये आलेल्या नियमांनी प्रीमियर लीगच्या क्लबाला तीन वर्षांत 10 कोटी 50 लाख पौंडांपर्यंत तोटा करता येई. तो ओलांडला म्हणून 2023-24 मध्ये एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले. दुसऱ्या श्रेणीत हीच मर्यादा 3 कोटी 90 लाखांची. तोटा रोखणारा नियम क्लबांना दिवाळखोरीपासून वाचवतो. पण ज्याचे उत्पन्न मोठे त्याला मोठा खर्च करू देतो, आणि वॉकर यांनी ज्या वाटेने दुसऱ्या श्रेणीतला क्लब चार वर्षांत विजेता केला ती वाट बुजवतो. काही अमेरिकी लीगांत पगारावर सर्वांना एकच मर्यादा असते आणि नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान सर्वांत कच्च्या संघाला मिळतो. पण तिथे खाली घसरण्याची भीतीच नसते. युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेकडून नेमकी ही घसरण नसलेली लीग उचलू पाहिली, आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरल्यावर इंग्लिश क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी यांच्यात पैशाच्या वाटणीवर एकमत झाले नाही, तर अखेरचा उपाय म्हणून तो तोडगा लादू शकतो.